छंदाच्या पुस्तकसंग्रहासाठी स्वतःची वर्गीकरण पद्धत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच छंदाची पुस्तकं जमवणाऱ्या माणसाला कधी ना कधी वाटतं की आता यांना काही शिस्त लावली पाहिजे. माझा संग्रह बुद्धिबळाचा आहे, त्यामुळे खालची बहुतेक उदाहरणं पटावरची आहेत. तुमचा छंद पक्षी, तिकिटं किंवा विणकाम असेल तर शेवटाकडचा एक प्रश्न तुमच्यासाठी ठेवला आहे.

पुस्तकं किती झाली की वर्गीकरण लागतं?

आकडा सांगण्यात अर्थ नाही. घरात असलेलं पुस्तक दुसऱ्यांदा विकत आणलंत, की वेळ झाली असं समजा. माझ्याकडे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती शेजारच्या दोन फळ्यांवर निघाल्या, त्या दिवशी मी वही घेऊन बसलो. पन्नास-साठ पुस्तकांपर्यंत डोळेच पुरे पडतात. तेवढ्यासाठी क्रमांक घालायला निघालात तर पुस्तकं वाचायची राहतील आणि क्रमांकच रंगवत बसाल.

ड्यूईची दशांश पद्धत तयार असताना आपली वेगळी कशाला?

ती मोठ्या, सर्व विषयांच्या ग्रंथालयासाठी आहे. मेल्विल ड्यूईने १८७६ साली ती छापली तेव्हा ती जेमतेम ४४ पानांची होती. तिच्यात सगळं ज्ञान दहा भागांत, प्रत्येक भाग पुन्हा दहांत, असं विभागलेलं आहे. त्यात ७०० म्हणजे कला, ७९० म्हणजे करमणूक आणि खेळ, ७९४ म्हणजे कौशल्याचे बैठे खेळ आणि ७९४.१ म्हणजे बुद्धिबळ. सार्वजनिक ग्रंथालयात हे झकास चालतं, कारण तिथे 'हे पुस्तक बुद्धिबळाचं आहे, विणकामाचं नाही' एवढं सांगणं हेच मुख्य काम असतं.

तुमच्या कपाटात मात्र सगळंच बुद्धिबळाचं. मग ७९४.१ हे चार आकडे प्रत्येक कण्यावर उगाच मिरवतात आणि जो फरक तुम्हाला हवा असतो तो दशांश चिन्हानंतर तिसऱ्या-चौथ्या घरात दडून बसतो. सुरुवातीच्या खेळींवरची पुस्तकं ७९४.१२२ मध्ये जातात. माझ्याकडची निम्मी पुस्तकं तीच. निम्म्या संग्रहाला एकच क्रमांक मिळत असेल तर त्या क्रमांकाचा उपयोग काय?

तरीही ड्यूईकडून एक गोष्ट जरूर उचला. क्रमांक पुस्तकाच्या विषयाला द्यायचा, फळीवरच्या जागेला नाही. पूर्वी 'अमुक कपाट, अमुक फळी, अमुक पुस्तक' अशी पद्धत होती. इंग्लंडमधल्या रॉबर्ट कॉटनच्या (१५७१–१६३१) संग्रहात प्रत्येक कपाटावर रोमन सम्राट वगैरेंचे अर्धपुतळे होते आणि त्यांच्याच नावाने पुस्तकं ओळखली जात. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्याच्या हस्तलिखिताचा क्रमांक आजही 'कॉटन व्हिटेलियस ए १५' असाच आहे. म्हणजे व्हिटेलियसच्या कपाटातली पहिली फळी, पंधरावं पुस्तक. १७३१ साली त्या संग्रहाला आग लागली, ती मांडणी केव्हाच गेली, पण पत्ता मात्र शिल्लक राहिला. तुम्ही नवीन कपाट घ्याल त्या दिवशी तुमच्या 'फळी ३, जागा १२'चंही हेच होईल.

मग सुरुवात कुठून करायची? वर्गांची यादी आधी करायची ना?

नाही, तिथेच बहुतेक जण फसतात. मीही फसलो होतो. आधी कागदावर बुद्धिबळाचा संपूर्ण नकाशा काढला, झाडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. दिसायला फार देखणा होता. पुस्तकं लावायला गेलो तर तिसऱ्या भागातले वर्ग रिकामेच राहिले आणि दोन वर्ग फुटायला आले.

म्हणून आधी सगळी पुस्तकं जमिनीवर आणा. प्रत्येक पुस्तक हातात घेऊन स्वतःला एकच विचारा: मी हे शोधायला उठेन तेव्हा माझ्या मनात काय असेल? 'हत्ती-प्याद्यांचा डाव कसा सोडवायचा' असेल तर एक ढीग. 'आनंदचे डाव बघायचेत' असेल तर दुसरा. 'झोपण्यापूर्वी चार कोडी' असेल तर तिसरा. ढिगांना नावं नंतर द्या. ग्रंथालयशास्त्रात या विचाराला जुनं नाव आहे, 'साहित्याचा आधार'. विंडम ह्यूम या ब्रिटिश ग्रंथपालाने १९११ च्या सुमारास तो मांडला. त्याच्या मते वर्ग प्रत्यक्षात असलेल्या पुस्तकांवरून ठरवायचे, तत्त्वज्ञानावरून नाही.

ढीग आठ-दहाच्या वर जाऊ देऊ नका. माझे आठ निघाले: अंतिम डाव (म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा), इतिहास, कोडी, चरित्रं व खेळाडूंचे निवडक डाव, नियम व प्राथमिक शिकवण, मधला डाव, लढती (स्पर्धा आणि सामने) आणि सुरुवात. प्रत्येकाची खूण म्हणजे नावाचं पहिलं अक्षर: अ, इ, क, च, न, म, ल, स. फार मोठा झालेला ढीगच पुढे फोडायचा. बाकीच्यांना हातही लावायचा नाही, मग ते कितीही असमान दिसोत.

एकाच पुस्तकात दोन विषय असले तर?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकवला जाणारा प्रश्न. छापील पुस्तक एकाच जागी उभं राहू शकतं. त्यामुळे 'दोन्हीकडे' हे उत्तर कपाटापुरतं बाद.

कॅपाब्लांकाच्या अंतिम डावांवर एक पुस्तक आहे असं धरा. ते अंतिम डावात की कॅपाब्लांकाच्या नावाखाली? दोन्ही बाजूंनी भांडता येतं. मी पुस्तक उघडतो ते डावाचं तंत्र शिकायला, म्हणून माझ्याकडे ते अंतिम डावात जातं. ज्याला खेळाडूंचा नाद आहे तो ते खेळाडूकडे ठेवेल आणि त्याचंही बरोबर. फक्त आज इकडे, उद्या तिकडे असं करायचं नाही. पुढच्या महिन्यात रुबिन्स्टीनच्या हत्तीच्या डावांवरचं पुस्तक आलं तर ते कॅपाब्लांकाच्या शेजारीच गेलं पाहिजे.

यासाठी पैलूंचा अग्रक्रम एकदाच ठरवून टाकायचा. माझा असा: आधी लढत, मग डावाचा टप्पा, मग खेळाडू, शेवटी पुस्तकाचं रूप. म्हणजे पुस्तक एखाद्या ठरावीक स्पर्धेबद्दल असेल तर पुढचं काही बघायचंच नाही, ते लढतीत. १९७२ चा रेक्याविकमधला फिशर–स्पास्की सामना घ्या. त्यावरचं पुस्तक फिशरचं की स्पास्कीचं, हा वाद निघतच नाही. १९५३ च्या झ्युरिकच्या आव्हानवीर स्पर्धेत पंधरा खेळाडू होते. ती स्मिस्लोवने जिंकली म्हणून पुस्तक स्मिस्लोवकडे जात नाही. स्मिस्लोव आणि लेव्हनफिश यांचं हत्तींच्या अंतिम डावांवरचं पुस्तक तर 'च' (चरित्रं) या विभागात जायचं काही कारणच नाही, कारण लेखक कोण आणि विषय कोण या वेगळ्या गोष्टी आहेत. ही चूक हसण्यासारखी वाटते, पण ग्रँडमास्टरांचं नाव मुखपृष्ठावर विषयापेक्षा मोठं छापलेलं असतं आणि हात आपोआप तिकडे वळतो.

पैलूंचा हा विचार शियाळी रामामृत रंगनाथन यांचा. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्याआधी ते गणित शिकवत. लंडनमध्ये मेकॅनो हे खेळणं पाहून त्यांना कल्पना सुचली असं सांगतात: तेच थोडे तुकडे वेगवेगळे जोडून हवी ती वस्तू करता येते, तसे विषयही जोडता येतील. १९३३ साली त्यांची द्विबिंदू पद्धत प्रसिद्ध झाली. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल या पाच पैलूंची ती घडण घरच्या कपाटाला जड जाते. पण 'विषयाचे पैलू सुटे करा, मग ठरावीक क्रमाने जोडा' एवढी युक्ती कुठल्याही छंदाला लागू पडते.

आणि दुसऱ्या जागेचं काय? तिथे पुठ्ठ्याची पट्टी उभी करा: 'कॅपाब्लांकाचे अंतिम डाव – पाहा अ'. खऱ्या गरजेच्या ठिकाणीच. माझ्याकडे अशा सहाच पट्ट्या आहेत.

सुरुवातीच्या खेळींना तयार संकेत आहेत. तेच कण्यावर का घालू नयेत?

बेलग्रेडच्या 'शाहोव्स्की इन्फॉर्मेटर' या बुद्धिबळ-प्रकाशनाचे ए०० ते ई९९ हे पाचशे संकेत तुम्हाला अभिप्रेत असणार. खेळणाऱ्यांनी खेळणाऱ्यांसाठी केलेलं हे वर्गीकरण मला मनापासून आवडतं आणि आपली पद्धत करण्याआधी ते नीट न्याहाळावं असा माझा आग्रह आहे. त्यात जागा समान वाटलेली नाही. सिसिलियन या सुरुवातीला बी२० ते बी९९ असे तब्बल ऐंशी संकेत आहेत, तर कॅरो-कानला बी१० ते बी१९ असे दहाच. जिथे लोक जास्त खेळतात, जास्त लिहितात, तिथे जास्त जागा.

पण ते डावांचं वर्गीकरण आहे, पुस्तकांचं नाही. एक डाव एका संकेतात बसतो. पुस्तक मात्र 'पांढऱ्याकडून खेळण्यासाठी संपूर्ण तयारी' असं असतं. लंडन सिस्टिमचं पुस्तक घ्या. काळा कसा उत्तर देतो त्यावर तोच आराखडा कधी डी०२ मध्ये जातो, कधी ए४६ मध्ये, कधी ए४८ मध्ये. किंग्ज इंडियन अटॅकची अशीच फाटाफूट. पुस्तक फाडून तीन फळ्यांवर ठेवायचं का?

मी सुरुवातीचा विभाग असा केला: स१ दोन्ही बाजूंची राजाकडची प्यादी दोन घरं पुढे, स२ सिसिलियन, स३ पहिल्या खेळीला काळ्याची बाकीची उत्तरं (फ्रेंच, कॅरो-कान वगैरे), स४ वजिराकडच्या प्याद्याची सुरुवात, स५ इंडियन बचाव, स६ इंग्लिश आणि बाजूने होणाऱ्या सुरुवाती, स७ 'आराखडे', म्हणजे समोरचा काहीही खेळो, आपली मांडणी तीच. लंडन स७ मध्ये सुखाने राहतं. इन्फॉर्मेटरचे संकेत मी नोंदवहीत एका रकान्यात लिहितो, कारण शोधताना ते उपयोगी पडतात.

अक्षरं वापरायची की आकडे?

मुख्य वर्गाला अक्षर, पोटवर्गाला आकडे. अक्षर आठवतं, आकडा वाढवता येतो.

देवनागरी अक्षरं घेणार असाल तर काही खाचखळगे आहेत. हाताने लिहिलेले घ आणि ध, भ आणि म, थ आणि य बारीक लेबलवर एकमेकांसारखे दिसतात. ख तर घाईत 'रव' होतो. म्हणून मी खेळाडूंना ख न देता चरित्राचा च दिला. जोडीतलं एकच अक्षर घ्या. दुसरा खड्डा संगणकाचा. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये मात्र तो ल च्या लगेच पुढे बसवलेला आहे. क्ष आणि ज्ञ तिथे स्वतंत्र अक्षरं नाहीतच, ती जोडाक्षरं आहेत, त्यामुळे तक्त्यात ती क आणि ज च्या पोटात जाऊन पडू शकतात. ही तीन अक्षरं वर्गाच्या नावाला घेऊच नका.

आकडे दशांशासारखे वाचा, म्हणजे एकेक अंक डावीकडून. स२ नंतर स२५, मग स३. स२५ म्हणजे 'स पंचवीस' नव्हे, 'स दोन पाच'. याचा फायदा असा की संगणक मजकूर म्हणून क्रम लावतो तोही नेमका हाच येतो. 'स-१०' असे सलग क्रमांक दिलेत तर तो स-२ च्या आधी जाऊन बसतो आणि तुम्ही डोकं धरता. आणखी एक: काही नोंदी देवनागरी अंकांत आणि काही इंग्रजी अंकांत असं कडबोळं करू नका, क्रम पार विस्कटतो.

सगळे दहा अंक पहिल्याच दिवशी वाटून टाकू नका. अंतिम डावात माझे अ० सर्वसाधारण, अ१ प्यादी, अ२ घोडे, अ३ उंट, अ४ उंट विरुद्ध घोडा, अ५ हत्ती, अ६ वजीर असे वर्ग आहेत आणि अ७ ते अ९ मोकळे. शून्याला 'सर्वसाधारण' हा अर्थ प्रत्येक विभागात द्या. मग म० म्हणजे काय हे कुणाला विचारावं लागत नाही.

जाता जाता: या अक्षरांमुळे माझ्या कपाटात अंतिम डाव सगळ्यात आधी आणि सुरुवात सगळ्यात शेवटी आली. पाहुणे हसतात. पण अंतिम डाव आधी शिकावा असं खुद्द कॅपाब्लांकाचं मत होतं, त्यामुळे मी ते तसंच राहू दिलं.

खेळाडूंची नावं कशी लावायची?

आडनावाने, असं म्हणणं सोपं आहे. विश्वनाथन आनंद यांचं काय? विश्वनाथन हे वडिलांचं नाव, आनंद हे त्यांचं स्वतःचं. ते आ मध्येच शोधले जाणार. प्रज्ञानंद यांचंही तसंच, प मध्ये. गुकेश यांचं घराण्याचं नाव दोम्माराजू, पण द मध्ये त्यांना शोधायला कोण जाईल? उलट कोनेरू हंपी यांच्यात कोनेरू हे घराण्याचं नाव पुढेच लिहितात. म्हणून माझा नियम आडनावाचा नाही, 'बुद्धिबळाच्या बोलण्यात ज्या नावाने ओळखतात ते' असा आहे आणि शंका आली की निर्णय वहीत.

नावाची पहिली दोन-तीन अक्षरं कण्यावर पुरतात, जोवर घरात दोघं खेळाडू नसतात तोवर. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनी किंवा सुसान, सोफिया आणि युडिट या पोल्गार भगिनी आल्या की पहिल्या नावाचं अक्षर जोडावंच लागतं: 'खाडि-रो', 'पोल्-यु'. परदेशी नावांचं देवनागरी रूप एकच ठरवा. अलेखिन, आल्येखिन, अलेखाइन अशी तीन रूपं वेगवेगळ्या पुस्तकांवर भेटतील. एक निवडा, बाकीच्या दोन्हींपुढे 'पाहा' लिहा.

'इतर' असा एक वर्ग ठेवला तर चालेल ना?

चालेल, पण त्याला फळीवर एक वीतभरच जागा द्या. भरली की त्यातून एक नवा वर्ग निघालाच पाहिजे.

उंचीप्रमाणे किंवा रंगाप्रमाणे लावली तर छान दिसतात!

दिसतात खरी. सॅम्युअल पेपिस या इंग्रज रोजनिशीकाराने आपली ३००० पुस्तकं उंचीनुसारच लावली होती, सगळ्यात लहान पहिलं, सगळ्यात मोठं शेवटचं. उंची जुळावी म्हणून काहींच्या खाली लाकडी ठोकळेसुद्धा करून घेतले होते. तो संग्रह केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात अजून तसाच आहे. पण त्याने सोबत सूची ठेवली होती आणि संग्रह ३००० वर थांबवला होता. तुमचा थांबणार आहे का?

खरोखर आडदांड पुस्तकांसाठी खालची एक फळी ठेवा आणि क्रमांकापुढे 'मो' लिहा. तेवढं पुरतं.

मासिकं, स्पर्धांच्या पत्रिका, कात्रणं, पीडीएफ?

मासिकांचं वर्गीकरण करू नका. नाव आणि वर्ष, बस. एखादा लेख महत्त्वाचा असेल तर नोंदवहीत त्याच्यापुरती एक ओळ. कण्यावर नाव मावत नाही अशा पातळ पुस्तिका वर्गवार खोक्यांत उभ्या ठेवा आणि खोकं त्या वर्गाच्या शेवटी. पीडीएफच्या फाइलला नावाआधी तोच वर्गांक द्या: 'अ५ …'. मग संगणकातलं फोल्डर आणि लाकडी कपाट एकाच क्रमाने चालतात.

सॉफ्टवेअरमध्ये शोधता येतं. मग मांडणीचा एवढा खटाटोप का?

शोधायला काय शोधायचं ते माहीत असावं लागतं. फळीसमोर उभं राहिल्यावर हवं असलेल्या पुस्तकाच्या शेजारचं पुस्तक हाताला लागतं आणि बऱ्याचदा तेच कामाचं निघतं. हॅम्बुर्गच्या आबी वारबुर्ग या कलेतिहासकाराचं खाजगी ग्रंथालय याच तत्त्वावर उभं होतं. त्याला 'चांगल्या शेजाऱ्याचा नियम' म्हणतात. तो आयुष्यभर पुस्तकं हलवत राहिला. १९३३ साली तो संग्रह लंडनला नेला गेला आणि आजही त्याची मांडणी प्रतिमा, शब्द, दिशाज्ञान आणि कृती अशा त्याच्याच विचाराने आहे.

बाकीचे तपशील मात्र खुशाल संगणकावर टाका. भाषा, खेळी लिहिण्याची पद्धत जुनी वर्णनात्मक की बीजगणिती, पुस्तक कुणाकडून आलं, वाचून झालं का. या गोष्टी गाळणीने शोधायच्या असतात. त्यांना कण्यावर जागा दिलीत तर क्रमांक आगगाडीएवढा होतो.

लेबल कधी लावायची?

निदान तीन महिने नाही. तोवर पहिल्या पानाच्या मागे, वरच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने क्रमांक. जुन्या किंवा दुर्मीळ पुस्तकाच्या कण्याला चिकटपट्टी कधीच लावू नका. क्रमांक लिहिलेली कागदी पट्टी आत सरकवून वर थोडी बाहेर ठेवा. प्रत्येक पुस्तकाला एक दाखलांकही द्या, आलेल्या क्रमाने १, २, ३. वर्गांक पुढे बदलेल, दाखलांक कधीच बदलायचा नाही.

मध्येच पद्धत बदलावीशी वाटली तर?

वाटणारच. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच नियमांतला शेवटचा हाच आहे, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. पण एका वेळी एकच वर्ग मोडा आणि मोडलेला क्रमांक लगेच दुसऱ्या अर्थाने वापरू नका. मी एकदा रिकामा झालेला म३ नव्या विषयाला दिला. वर्षभर जुनी आणि नवी पुस्तकं एकमेकांत मिसळून उभी होती आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

तुम्ही सारखी कुठल्या वहीची गोष्ट करता?

निर्णयांची वही. वर्गांची यादी एका पानावर मावते, खरी पद्धत या वहीत असते. अडलेलं प्रत्येक पुस्तक, कुठे ठेवलं आणि का, एका ओळीत. 'मुलांसाठीची मात करण्याची कोडी: क, न नव्हे, कारण शिकवायला नाही, सोडवायला घेतो.' 'जुन्या हिंदुस्थानी नियमांची पुस्तकं, ज्यात प्यादं पहिल्या खेळीला एकच घर जातं: इ, न नव्हे.' पुढच्या वेळी तसंच पुस्तक आलं की विचार करायचा नाही, वही उघडायची. आठ अक्षरं कोणीही सुचवील. ती वही दुसरं कोणी लिहून देऊ शकत नाही.

माझा छंद बुद्धिबळ नाही.

ढीग घालण्याची रीत तीच, अग्रक्रम मात्र वेगळा. पक्षीनिरीक्षकाने आधी ठरवावं: प्रदेश पुढे की पक्ष्यांचं कुळ? प्रवासाला निघताना पुस्तक उचलणाऱ्याने प्रदेश पुढे घ्यावा, घुबडांच्या मागे लागलेल्याने कुळ. कुळ घेतलंत तर लक्षात ठेवा की शास्त्रज्ञ पक्ष्यांच्या कुळांची फेरमांडणी करत असतात. तुमचे वर्ग थोडे ढोबळ असलेले बरे. तिकिटं आणि नाणी यांत देश आणि मग काळ हा क्रम जवळजवळ आपोआप येतो. अडचण येते ती नाव बदललेल्या किंवा नकाशावरून गेलेल्या देशांची, त्यांचा निर्णय पहिल्याच दिवशी वहीत लिहा. विणकामात तंत्र पुढे की वस्तू? टाका शिकायला पुस्तक काढता की मोजे करायला? हौशी खगोलनिरीक्षकांकडे ताऱ्यांचे नकाशे आणि दुर्बिणी बनवण्याची पुस्तकं यांची गल्लत होत नाही. होते ती वर्षागणिक शिळ्या होणाऱ्या पंचांगवजा पुस्तिकांची. त्यांना मासिकांसारखंच वागवा.

घरातल्या दुसऱ्या कोणाला हे कळेल का?

करून बघा. कुणाच्या तरी हातात पाच पुस्तकं आणि वर्गांचं एक पान द्या आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. माझ्या पुतणीने पाचातली तीन बरोबर लावली. चौथ्याच्या बाबतीत तिचं म्हणणं जास्त पटलं, म्हणून नियम बदलला. पाचवं तिने डोक्याखाली घेतलं होतं.